रात्रीची पट्टी

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज कामावर गेलो. दोन पूर्ण कवळ्या आणि एक अर्धी झाली. एकीचे पुढचे दात मुद्दाम थोडे पिवळसर करायचे होते, कारण शेजाऱ्यांना कळता कामा नये अशी गिऱ्हाइकाची अट होती. दुपारी डबा नव्हता. तो आता मीच भरायचा असतो हे विसरलो. बिस्किटं खाल्ली.

ही, म्हणजे माझी पत्नी, गेल्यानंतरचा हा कामाचा पहिला दिवस. ज्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून मी इतकी वर्षं दात बनवतो ते डॉक्टर म्हणाले, "कारागीर, तू बोलत तर नाहीसच. मग लिही तरी. नाहीतर आतल्या आत प्लास्टरसारखा घट्ट होशील." आणि औषध कंपनीकडून फुकट आलेली डायरी हातात ठेवली. प्रत्येक पानाखाली हिरड्यांच्या मलमाची जाहिरात आहे.

काय झालं ते एकदा लिहून टाकतो. जानेवारीतल्या एका सकाळी ही मागच्या खोलीत तिच्या टेबलाशी बसली होती. मी चहा झाल्याचं सांगितलं. "एवढा एक निरोप लिहून येते," म्हणाली. चहावर साय धरली तेव्हा मी आत गेलो. हृदय बंद पडलं होतं. आवडीचं काम करता करता गेली, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो.

८ फेब्रुवारी, रविवार

लेक अजून इथेच आहे. उशिरा चालायला लागली म्हणून आम्ही तिला ठमी म्हणायचो, ते तसंच राहिलं. दुसऱ्या शहरात एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी करते. आज आईचं इंटरनेट बंद करून टाकू म्हणून मागच्या खोलीत गेली ती संध्याकाळीच बाहेर आली.

हिचं काम काय होतं ते मला कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. इथे प्रयत्न करतो. रक्त तपासणाऱ्या प्रत्येक यंत्राची आकडे बाहेर टाकायची पद्धत वेगळी. दवाखान्याच्या कॉम्प्युटरला ती कळत नाही. ती कळेल अशी करून देणारा प्रोग्राम हिने बावीस वर्षांपूर्वी लिहिला, तेव्हा ही एका लॅबमध्ये नोकरीला होती. नाव ठेवलं 'दुवा'. आणि तो खुला करून टाकला. कुणीही घ्यावा, आत काय आहे ते बघावं, वापरावा, पैसे नाहीत. किती जणांनी घेतला हे कुणालाच माहीत नाही. फुकट वस्तूची पावती कोण फाडतो? पुढे नोकरी सुटली, दुवा सुटला नाही. नवीन यंत्र आलं, जुन्या यंत्राच्या कंपनीने काही बदल केला, की जगभरातून निरोप यायचे आणि ही दुरुस्त करत बसायची. घर माझ्या कवळ्यांवर चालायचं.

ठमीने पडद्यावर एक निरोप दाखवला. एका मोठ्या रुग्णालयाचा होता. एका यंत्राच्या आकड्यांमधला दशांश गळतो आहे. "हे तिसऱ्यांदा लिहीत आहोत. तातडीने दुरुस्त करा." पहिल्या निरोपाची तारीख ही गेली त्या सकाळची होती.

मी म्हणालो, "चारचे चाळीस झाले तर तिथल्या माणसांना कळेलच की."

"चाळीस झाले तर कळतं, बाबा. पण मूत्रपिंडाच्या तपासणीत पॉइंट नऊ म्हणजे माणूस ठणठणीत. आणि नऊ म्हणजे त्याला उचलून मशिनला लावतात."

तिने ते दुरुस्त केलं आणि आई आता नाही असंही कळवलं. तासाभरात उत्तर आलं. "दुःख झालं. पण हे आधीच व्हायला हवं होतं. आणखी दोन अडचणी सोबत जोडत आहोत."

ठमी म्हणाली, "सांत्वनालासुद्धा शेपूट आहे."

आज मागच्या खोलीच्या दाराखालून उजेड येत होता आणि कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. घर रिकामं वाटलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. रुग्णालयांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. येताना फळं आणतो आणि बोलता बोलता स्वतःच संपवतो.

ठमी त्याला म्हणाली, "मामा, तुमच्या सॉफ्टवेअरच्या पोटात आईचा दुवा आहे, खरं ना?"

"आहे तर! मी अभिमानाने सांगतो."

"कुणाला?"

"मनातल्या मनात." केळं सोलत तो म्हणाला.

"मग एवढ्या वर्षांत कंपनीने काही द्यायचं होतं."

"अगं, मी साहेबांकडे दोनदा विषय काढला. ते म्हणतात, आपण पैसे दिले की दुवा सुधारणार. सुधारलेला दुवा समोरच्या कंपनीलाही फुकटच मिळणार. म्हणजे तेल आपलं आणि दिवा वैऱ्याच्या घरी?"

"आणि समोरची कंपनी काय म्हणते?"

"हेच."

"मग एक दिवस दोघेही अंधारात बसाल."

"बसू की. दोघे बसलो तर चालतं. धंद्यात एकट्यानेच अंधारात बसणं वाईट."

ठमी हसली नाही. मला हसू आलं होतं, मी पाणी प्यायलो. मग तो माझ्याकडे वळला. "भावोजी, याला एकच औषध. सरकार. सगळ्यांचा रस्ता, तर डांबर सरकारचं. खुल्या सॉफ्टवेअरसाठी त्यांनी आता निधी काढलाय. ताईच्या कामासाठी अर्ज करा."

हे मला पटलं. हिचं काम कुणीतरी सही-शिक्क्यानिशी मोठं म्हणावं असं मला एकदम फार वाटलं. तो गेल्यावर मी ठमीला म्हणालो, अर्ज कर.

"माझी रजा संपतेय, बाबा."

"अर्ज तर कर. अर्जाला काय लागतं?"

६ मार्च, शुक्रवार

अर्जाला पुष्कळ लागतं. दुवा कोण कोण वापरतं त्याचे पुरावे हवेत. ठमी नोकरीवर परत गेली आहे, पण तिथून रोज संध्याकाळी दुवाचंच काम करते आणि सुट्टीला इकडे येते. तिने सत्तर-ऐंशी ठिकाणी पत्रं पाठवली. चार ओळी लिहून द्या, एवढंच.

कुणी देईना. दशांशवाल्या रुग्णालयाचे खरेदी अधिकारी फोनवर चांगले बोलले. म्हणाले, "ताई, आमची अख्खी लॅब एका घरातल्या मागच्या खोलीवर चालते असं मी लिहून दिलं, तर मला आधी घरी पाठवतील." मेहुण्याच्या कंपनीनेही नाही म्हटलं. समोरच्या कंपनीने आधी कबूल केलं तर बघू म्हणाले.

एकच पत्र आलं. कुठल्याशा लहान गावातला लॅबचा माणूस. त्याने लिहिलं होतं की बाईंनी एकदा फोनवर बसून त्याचं जुनं यंत्र चालू करून दिलं होतं आणि मध्ये त्याला जेवून यायला सांगितलं होतं. मी ते पत्र बराच वेळ हातात धरून बसलो. त्या दिवशी ही स्वतः जेवली होती का, ते आठवत नाही.

२२ मार्च, रविवार

निधीच्या कार्यालयातून एक बाई आल्या. सुट्टी असून आल्या. चाळिशीच्या, चष्म्याला दोरी. मागच्या खोलीत शिरून त्यांनी सगळं पाहिलं. हिने भंगारातून आणलेली पाच जुनी यंत्रं तिथे आहेत. दुवात कुठेही बोट लावलं की ही पाचही यंत्रांवर चालवून बघायची, मगच लोकांना द्यायची. त्यात दोन-दोन दिवस जायचे. बाईंनी विचारलं, "गेल्या वर्षात नवीन काय काय केलं?"

ठमी म्हणाली, "काही नाही. जे होतं ते चालू ठेवलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मला कळतंय हो. पण माझ्याकडे 'चालू ठेवलं' असा रकानाच नाही. नवीन बांधकामाला पैसे आहेत. समितीला नारळ फोडता येईल असं काहीतरी लागतं."

मग त्यांनी शिष्टाचार म्हणून मला विचारलं, तुम्ही काय करता. मी सांगितलं. काय झालं कुणास ठाऊक, मी बोलत गेलो. म्हणालो, लोक येतात, म्हणतात तुमची कवळी झिजली, सैल झाली. कवळी झिजलेली नसते. ती होती तशीच असते. तोंड बदलतं. दात गेल्यावर हिरडी दरवर्षी थोडी थोडी बसत जाते. मग कवळीला आतून नवीन अस्तर लावावं लागतं. गिऱ्हाईक भांडतं, नवीन काही दिलं नाही तर पैसे कसले घेता?

बाई म्हणाल्या, "हे मी समितीत सांगू का?"

मला संकोच वाटला. हो म्हणालो.

ठमीने विचारलं, "मिळाले तर किती दिवसांसाठी?"

"नऊ महिने."

"आणि मग?"

"मग प्रकल्पाने स्वतःच्या पायावर उभं राहावं अशी अपेक्षा आहे."

"ज्याची किंमतच शून्य ठेवलीय त्याला पाय कुठून येणार?"

"मीही हेच विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर माझी या खात्यात बदली झाली."

पहिल्यांदाच या घरात तिघे मिळून हसलो. जाताना बाईंनी हिच्या खुर्चीवर हात ठेवला. बऱ्या वाटल्या.

१४ एप्रिल, मंगळवार

मंजूर झालं! बाईंचा फोन आला तेव्हा माझे हात मेणाने भरले होते, डॉक्टरांनी फोन माझ्या कानाला धरला. कवळीची गोष्ट ऐकून समिती खूप हसली म्हणे. मग अध्यक्ष म्हणाले, एवढं आहे तर नवे दातच बसवून टाका. त्यामुळे पैसे मिळाले ते 'दुवा, नवी पिढी' या नावाने. सगळा प्रोग्राम नव्याने लिहायचा. टप्पा पूर्ण झाला की त्या टप्प्याचे पैसे. जुन्या दुवाच्या दुरुस्तीचा वेळ यात धरायचा नाही. आणि काम करणाऱ्याने दुसरी नोकरी करायची नाही.

मी पेढ्यांऐवजी डॉक्टरांना आवडतात ती खारी बिस्किटं नेली. डॉक्टर म्हणाले, "दातांच्या डॉक्टरला गोड आणलं नाहीस, शहाणा आहेस. पण नोकरी कोण सोडणार?"

१९ एप्रिल, रविवार

ठमी सुट्टीला आली आहे. संध्याकाळी भांडी घासता घासता म्हणाली, "आई मला फोनवर काय म्हणायची माहितेय? मला कुणीतरी सोडवा गं यातून."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही दोघे बोलायचात कधी?"

ती रागाने म्हणाली नाही. मी पातेलं पुसत राहिलो. मग म्हणालो, "आईने बावीस वर्षं केलं. तू नऊ महिने कर. पुढचं पुढे बघू."

तिने नळ बंद केला. मग "बरं" म्हणाली.

खुर्चीची गादी उन्हात टाकली होती, ती आत आणली. हिच्या बसण्याचा खळगा अजून तसाच आहे.

१ जून, सोमवार

घराला लय आली आहे. ठमी दिवसभर नव्या पिढीचं काम करते. जुन्या दुवाच्या तक्रारी सकाळी उठल्या उठल्या आणि जेवणानंतर. एक पाय दुमडून बसते, पेन्सिल केसांत खोचते. हे तिने कधी उचललं? नोकरीत होती तेव्हा कशी बसायची ते मी पाहिलेलं नाही.

आज चहा झाल्याचं सांगितलं. आतून म्हणाली, "एवढा एक निरोप लिहून येते."

शब्द न शब्द तोच. मी तिथेच उभा राहिलो. फार बरं वाटलं.

१८ जुलै, शनिवार

ठमीची दाढ तडकली. नाश्त्याला टोस्ट खाताना गाल धरून बसली. तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आत आरसा घातला आणि म्हणाले, "ही मुलगी झोपेत खडी फोडायला जाते की काय?"

"ओव्हरटाइम आहे, काका," ठमी आ वासलेल्या तोंडाने म्हणाली.

झोपेत दात आवळून घासायची सवय लागली आहे. त्याला उपाय म्हणजे रात्री दातांवर घालायची पट्टी. डॉक्टरांनी ठसा घेतला, मी त्यात प्लास्टर ओतून दात तयार केले. ते सुकताना आठवलं की वरच्या फळीवर हिच्या दातांचा साचा असेल. हिलाही मी पट्टी करून दिली होती. एकामागून एक तीन लागल्या. साचा सापडला. मागे माझ्याच अक्षरात तारीख.

दोन्ही शेजारी ठेवले. ठमीची ठेवण माझ्यासारखी आहे, खालचा एक दात आडवा, तो माझा. पण झीज हिची. सुळ्यांची टोकं सपाट, आणि डावीकडच्या शेवटच्या दाढेवर वाटीसारखा खळगा. अगदी त्याच जागी. मला नवल वाटलं. डॉक्टरांना बोलावून दाखवलं. म्हटलं, बघा, कशी आईवर गेलीय.

डॉक्टरांनी दोन्ही साचे उचलून खिडकीशी नेले. बराच वेळ पाहत होते. मग चष्मा काढला.

"झीज वारशाने येत नसते, कारागीर," म्हणाले.

पुढे काहीतरी बोलणार होते, पण बाहेर पेशंट बसला होता.

पट्टी चांगली झाली. काठ गुळगुळीत, ठमीला कुठे टोचत नाही.

१० सप्टेंबर, गुरुवार

हा आठवडा मनस्तापात गेला. नव्या पिढीच्या वेबसाइटचं पहिलं पान निधीने मागवून घेतलं होतं, ते बदलून परत आलं. वर निधीचं बोधचिन्ह, मग मंत्र्यांचा संदेश, मग मेहुण्याच्या कंपनीचं नाव 'सहयोगी' म्हणून. आता सरकारी शिक्का बसल्यावर त्यांना दुवा वापरत असल्याचं कबूल करायला हरकत नाही. हिचं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. मी बाईंना तीन पत्रं लिहिली.

ठमीची वेगळीच गडबड चालली होती. मध्यंतरी एका जुन्या यंत्रात मोठा घोळ झाला, तो निस्तरण्यात तिचे दोन आठवडे गेले. त्यामुळे नव्याचा टप्पा चुकला आणि त्या टप्प्याचे पैसे अडकले.

"जुनं पडू दिलं असतं तर पैसे वेळेवर मिळाले असते," ती म्हणाली. "लोकांचे रिपोर्ट चुकले असते, पण टप्पा झाला असता."

मी म्हणालो, "बाईंना सांग."

"बाईंना सगळं माहीत आहे, बाबा. माहीत असून काय? तुम्ही मात्र आठवडाभर आईच्या नावाची अक्षरं मोजत बसलाय."

जेवली नाही. ताट झाकून दाराशी ठेवलं.

बाईंचं उत्तर आलं आहे. हिचं नाव दोन ओळी वर घेतील. माझं समाधान झालं.

२५ ऑक्टोबर, रविवार

मेहुणा सीताफळं घेऊन आला. ठमीला पाहून म्हणाला, "काय गं, सदरा तू घातलायस की सदऱ्याने तुला?"

ती म्हणाली, "जो जिंकेल तो."

तो खरं तर नोकरी घेऊन आला होता. त्यांच्या कंपनीत जागा आहे. पगार चांगला. अट एकच, घरी बसून बाहेरचं काही लिहायचं नाही, जे लिहील ते कंपनीचं.

"म्हणजे दुवा सोडायचा," ठमी म्हणाली.

"एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील, ठमे?"

"मग दुवा कोण बघणार?"

"चालेल तोवर चालेल."

"मामा, तुमची कंपनी त्यावर उभी आहे!"

"म्हणूनच म्हणतो ना. पडेपर्यंत तरी पगार घे." मग हसणं थांबवून तो म्हणाला, "ताईला मी हे कधी म्हटलं नाही. तुला म्हणतोय. ये. आठ तास काम, सुट्टीला सुट्टी. माणसासारखी झोप."

ठमी माझ्याकडे बघत होती. मी सीताफळाच्या बिया वेगळ्या करत होतो. हिच्या खोलीतली पाचही यंत्रं बंद पडलेली डोळ्यांसमोर आली.

मेहुणा जाताना जिन्यात म्हणाला, "भावोजी, तुमचा शब्द ती मोडणार नाही. म्हणून जरा बघा." काय बघू ते त्याने सांगितलं नाही. एक डिसेंबरपर्यंत मुदत आहे म्हणाला.

३० नोव्हेंबर, सोमवार

मी कामावरून आलो तेव्हा ठमी स्वयंपाकघरात बसली होती. म्हणाली, "बाबा, जरा आत या." पडद्यावर एक सूचना लिहिलेली होती. दुवाची देखभाल अमुक तारखेपासून थांबेल. सहा महिन्यांत ज्याने त्याने आपली सोय करावी. प्रोग्राम खुला आहे आणि खुलाच राहील, ज्याला सांभाळायचा असेल त्याने पुढे यावं. बावीस वर्षं ज्यांनी तो सांभाळला त्यांची आठवण ठेवावी. साधी, चांगली लिहिली होती.

"वाईट नाही ना यात काही?" ती म्हणाली. "कुणाला अचानक तोंडघशी पाडत नाहीये. उद्या मामाला होकार कळवायचाय. तुम्ही हो म्हणालात तर टाकते."

मी दोनदा वाचली. म्हणालो, "ही गेल्याची बातमी दुसऱ्यांदा छापल्यासारखं वाटतंय."

तिचे हात मांडीवर होते. मी म्हणालो, "तू ठरव. मी कोण सांगणार?"

"तुम्ही सांगितलंत, बाबा."

तिने सूचना पुसली. एक एक ओळ मागे जात गेली. मग एक निरोप उघडून वाचायला लागली. मी दार लोटून घेतलं.

झोप चांगली लागली.

१७ डिसेंबर, गुरुवार

नव्या पिढीचा समारंभ. मोठं सभागृह, टेबलांवर पांढरे कपडे, पाण्याच्या बाटल्या. मंत्र्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर दुवाचं नवं चिन्ह फिरलं. हिचं नाव वाचलं गेलं, उच्चार बरोबर केला. ठमीला फुलं दिली. ती एका हातात फुलं आणि दुसऱ्या हातात फोन धरून उभी होती, कुठल्याशा लॅबचा निरोप आला होता.

'प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण' असं जाहीर झालं. बाई आमच्याशेजारी येऊन बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दुसरे प्रकल्प आहेत. मी भांडले. खरंच भांडले."

ठमी म्हणाली, "नव्यावर किती रुग्णालयं आली?"

"चार-पाच. बाकीचे म्हणतात, जुना चालतोय तर हात कशाला लावा. यंत्रांची सगळी मान्यता पुन्हा मिळवावी लागेल."

परत येताना गाडीत ठमी एकदम हसायला लागली. "आधी एक सांभाळायचा होता, आता दोन झाले. सरकारी पैशाने जुळं झालं, बाबा." बराच वेळ हसत होती. डावा खांदा चोळत होती. खुर्ची जुनी झाली आहे, तिला पाठ टेकायला नवीन घ्यायला हवी.

१६ जानेवारी, शनिवार

परवा वर्ष झालं. कुणी आलं नाही, मेहुण्याचा फोन आला. त्याच्याकडची जागा भरली. बाईंची बदली झाली असं त्यांच्या जागेवरच्या माणसाने सांगितलं. दुवा काय ते त्याला मी पहिल्यापासून सांगितलं.

ठमी आता दिवसा कुणाची कुणाची तुटक कामं घेते आणि उरलेल्या वेळात दोन्ही दुवे बघते. काल तिची पट्टी बेसिनवर दिसली. डावीकडे मागे आरपार भोक पडलं होतं. आज सकाळी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर नवीन ठसा घेताना तिच्याशी थट्टा करत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. जुन्या साच्यावर चालणार नाही म्हणाले, दात तेवढ्यात आणखी झिजलेत. ठमी बाहेर गेल्यावर म्हणाले, "किती पट्ट्या करणार आहेस तू?"

मी म्हणालो, हिला तीन लागल्या होत्या.

ते आत निघून गेले.

शनिवारी दुपारी दवाखाना बंद असतो, पण ठसा फार वेळ ठेवला की आक्रसतो. निघण्याआधी चहा केला, दार वाजवलं.

"एवढा एक निरोप लिहून येते."

कपावर बशी ठेवली. चपला घातल्या, आणि मग दाराशी परत येऊन उभा राहिलो. आत काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने कीबोर्डची टकटक सुरू झाली, तेव्हा निघालो.

दवाखान्यात माझ्या खोलीतला एकच दिवा लावला. या वेळी पट्टी जाड करायची असं ठरवलं आहे, दुप्पट जाड, म्हणजे वर्षभर तरी टिकेल. वाटीत पाणी घेतलं, प्लास्टर कालवलं, ठशात थोडं थोडं ओतलं. मग बुडबुडे वर यावेत म्हणून ठसा टेबलाच्या कडेवर हळूहळू ठोकत राहिलो.